कूलरसमोरची खुर्ची

नागपुरातल्या प्रत्येक चर्चला दोन मंडळ्या असतात. एक डिसेंबरातली, दुसरी मे महिन्यातली. डिसेंबरातली मंडळी नवे कपडे घालून येते, केक खाते, फोटो काढते आणि आत जागा नाही म्हणून बाहेरच्या मांडवात उभी राहून गाणी म्हणते. मे महिन्यातली मंडळी म्हणजे पाळकसाहेब, पाळकीणबाई, तबल्यावर बसणारा पोरगा, घरी करमत नाही म्हणून येणारे रिटायर्ड काका, दोन-तीन काकू आणि खुर्च्या. मे महिन्यात उपदेश ऐकणाऱ्यांत प्लास्टिकचं प्रमाण फार असतं.

आमची मंडळी प्रताप नगरात भरते. रिंग रोड सोडून जरा आत वळलं की एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर आमचा भाड्याचा हॉल आहे. वरचा मजला म्हणजे डोक्यावर थेट गच्ची. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्रभर पचवतो, आणि रविवारी सकाळी आम्ही जाऊन बसतो तेव्हा त्याचं पचन पूर्ण झालेलं नसतं. २३ मे २०१३ रोजी नागपुरात ४७.९ अंश तापमान नोंदलं गेलं. हा आकडा आम्ही परगावच्या पाहुण्यांना अशा थाटात सांगतो, की जणू वर्गणी काढून आम्हीच तो तिथवर नेला.

आता अशा महिन्यात मंडळी विश्वासात वाढावी आणि नव्या माणसांचं स्वागत करणारी व्हावी, असा विषय यंदा कमिटीपुढे आला. कमिटीतल्या एका काकांनी लगेच उत्तर दिलं, "वाढवता कायले बाप्पा? हायेत तेवढे टिकवा ना आधी."

त्यांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. आमच्यात ईस्टरच्या आधीच्या चाळीस दिवसांत लग्नं लावत नाहीत. त्यामुळे ईस्टर झाला की तुंबलेली लग्नं एकदम सुटतात आणि अर्धी मंडळी अमरावती, चंद्रपूर, रायपूर अशी वऱ्हाडात वाटली जाते. उरलेल्यांतल्या निम्म्यांचे नातू आलेले असतात. निम्म्यांच्या गच्चीवर कुरडया वाळत असतात आणि माकडांवर लक्ष ठेवायला माणूस लागतं. यापैकी काहीच नसेल तो फक्त म्हणतो, "ऊन पाहून राहिले का बाहेर?" हे कारण बिनतोड आहे. आजवर एकाही पाळकाला त्याला उत्तर देता आलेलं नाही, कारण ते स्वतःही बाहेर पाहूनच राहिलेले असतात.

सूचना मात्र पुष्कळ आल्या. साडेनऊची उपासना सातला घ्यावी, ही पहिली. घेतली. पूर्वी साडेनऊच्या उपासनेला जे दहाला येत, ते सातच्या उपासनेलाही दहालाच आले. तोवर पाळकसाहेब चपला घालून खाली उतरत होते. मग तडजोड म्हणून आठ ठरले. दुसरी सूचना अशी, की इंग्रजांच्या काळात मध्य प्रांताचं सरकारच उन्हाळ्यात पचमढीला जात असे, तर मंडळीनंही एक रविवार तिकडे शिबिर घ्यावं. कोषाध्यक्षांनी शिल्लक वाचून दाखवली. त्या शिल्लकेत मंडळी अंबाझरी तलावापर्यंत जाऊ शकत होती, तेही परतीचं ज्यानं त्यानं बघायचं या अटीवर.

तिसरी सूचना यंदाही कूलर लावावा, अशी होती. ती एकमतानं मंजूर झाली, आणि आमच्या मंडळीतली एकी तिथंच संपली.

इथे थोडा इतिहास सांगायला हवा. चर्चच्या एकीच्या बाबतीत नागपूरचं नाव फार मोठं आहे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी याच शहरात सहा निरनिराळ्या चर्चसंस्था एकत्र आल्या आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. अँग्लिकन, बाप्टिस्ट, मेथडिस्ट, ब्रेदरन वगैरे. बाप्तिस्मा बाळाला द्यायचा की जाणत्या माणसाला, बिशप असावा की नसावा, असल्या प्रश्नांवर युरोपात माणसांनी एकमेकांना जाळलं आहे. इथं त्यावर शांतपणे तोडगा निघाला. बोलणी १९२९ पासून चालू होती, म्हणजे चाळीसेक वर्षं. इस्राएल लोक अरण्यात हिंडले जवळपास तेवढीच. पण या सगळ्यात माझं लक्ष जातं ते तारखेकडे. नोव्हेंबर! ज्या कुणी ती तारीख धरली त्याला नागपूर नीट कळलं होतं. हाच समारंभ मे महिन्यात ठेवला असता तर बिशपचा प्रश्न सुटलाही असता, पण कूलरसमोर कोण बसणार यावरून सहाच्या सात चर्चसंस्था होऊन माणसं घरी गेली असती.

आमचा कूलर लोखंडी, भला थोरला. एका भावानं आईच्या स्मरणार्थ दिलेला आहे आणि तसं त्याच्या अंगावर लाल रंगात लिहिलंही आहे, त्यामुळे त्याला लाथ मारून सुरू करताना थोडं अवघडल्यासारखं होतं. ताट्या दर वर्षी नव्या बसवतो. त्यांना पहिलं पाणी लागलं की हॉलभर जो वास सुटतो तो आला, की नागपूरकराला आपोआप झोप येते. हे आमच्याकडे लहानपणापासूनचं वळण आहे, त्यात उपदेशाचा अपमान नाही. पाळकसाहेबांनी हे समजून घेतलं आहे. प्रेषितांच्या कृत्यांत युतुख नावाचा तरुण आहे. पौल मध्यरात्रीपर्यंत बोलत राहिला, हा खिडकीत बसून पेंगला आणि तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. पौलानं त्याला उचललं, तो वाचला, आणि मग पौल पुन्हा पहाटेपर्यंत बोलला. आमचे पाळकसाहेब पौलापेक्षा दयाळू आहेत. मे महिन्यात ते वीस मिनिटांत आटपतात आणि खिडकीजवळ तरुणांना बसू देत नाहीत.

कूलरला तीन वेग आहेत. पहिल्यावर फक्त दिवा लागतो. दुसऱ्यावर आवाज येतो. तिसऱ्यावर हवा येते, पण मग पाळकसाहेब ऐकू येत नाहीत. म्हणजे तारण आणि गारवा यांतलं एक निवडा, असा प्रसंग दर रविवारी येतो आणि मंडळी काय निवडते हे मी इथं लिहीत नाही. तिसऱ्या वेगावर गाण्याच्या पुस्तकाची पानं आपोआप उलटतात. त्यामुळे पुढची रांग एक गाणं म्हणते आणि मागची दुसरं. दानाच्या थैलीतून एकदा नोटा उडाल्या तेव्हा जी माणसं गुडघेदुखीमुळे प्रार्थनेला उठत नाहीत ती चपळाईनं उठली. (दानाचं निघालं म्हणून सांगतो. उन्हाची बाधा होऊ नये म्हणून आमच्याकडे खिशात कांदा ठेवतात. एका काकांनी डोळे मिटून खिशात हात घातला आणि थैलीत कांदा टाकला. कोषाध्यक्षांनी तो हिशेबात कुठे धरला, ते अजून समजलेलं नाही.)

पेन्टेकॉस्टचा सण ईस्टरनंतर पन्नासाव्या दिवशी, म्हणजे बहुधा मे महिन्यात किंवा जूनच्या सुरुवातीला येतो. त्या दिवशीच्या वर्णनात सोसाट्याच्या वाऱ्यासारखा नाद आहे आणि अग्नीच्या जिभा आहेत. आमच्याकडे नादाला कूलर आहे, अग्नीला स्लॅब आहे. पवित्र आत्म्याची तेवढी वाट पाहावी लागते.

पण खरा घोळ जागेचा. कूलरच्या हवेचा पट्टा म्हणजे पुढच्या रांगेतल्या तीन खुर्च्या आणि चौथीची उजवी बाजू. तिथून पुढे हळूहळू सहारा सुरू होतो. या साडेतीन खुर्च्यांवर कोण बसणार हे कुठल्याही ठरावात लिहिलेलं नाही, पण सगळ्यांना पाठ आहे. एक खुर्ची कूलर देणाऱ्या भावाची, दुसरी मंडळीचं रजिस्टर सांभाळणाऱ्या रेल्वेतल्या रिटायर्ड काकांची, तिसरी ज्यांना बीपी आहे त्यांची. बीपी मंडळीत बऱ्याच जणांना आहे, त्यामुळे उपासनेच्या आधी औषधांच्या चिठ्ठ्यांची तुलना होते आणि वरचा आकडा मोठा असेल तो बसतो.

आणि नवीन आलेला माणूस? त्याला आम्ही दाराजवळ, पूर्वेच्या भिंतीला लागून बसवतो. "या, या, इथं बसा, इथं छान हवा येते." हवा येते हे खरं आहे. कसली येते ते आम्ही सांगत नाही.

बरं, नवीन माणूस ओळखायचा तरी कसा? खामल्याकडून येणारा, त्रिमूर्ती नगरातून येणारा, जयताळ्याकडून येणारा, सगळे एकजात तोंडाला दुपट्टा बांधलेले, वर गॉगल. स्वागताला दारात उभ्या असलेल्या काकूंपुढे एकेक दरोडेखोर जिना चढून येतो. त्यातला कोण जुना, कोण नवा? एकदा काकूंनी एकाचे दोन्ही हात धरून "काऊन रे, मागच्या रविवारी का नाही आला? आई कशी आहे?" असं भरभरून विचारलं. त्यानं दुपट्टा सोडला तेव्हा तो पाण्याचा कॅन आणून देणारा मुलगा निघाला. पण आई खरंच आजारी होती, आणि त्यानं सगळं नीट सांगितलं. काकूंनी तिच्यासाठी तिथल्या तिथे प्रार्थना केली, वर कैरीचं पन्हं पाजलं. एवढं स्वागत आमच्याकडे कुठल्याही पाहुण्याचं आजवर झालेलं नाही, आणि ते चुकून झालं.

पाळकसाहेब हे सगळं बघत होते. एका रविवारी त्यांनी वाचनाला याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय घेतला. त्यात असं आहे, की तुमच्या सभेत सोन्याची अंगठी घातलेला माणूस आला तर त्याला तुम्ही चांगली जागा देता आणि फाटक्या कपड्यांतल्या गरिबाला म्हणता, तू उभा राहा किंवा माझ्या पायाशी बस. साहेबांनी पुस्तकावरून नजर वर उचलून पहिल्या रांगेकडे पाहिलं. पहिल्या रांगेतून, ऐन कूलरसमोरून, तीन वजनदार आवाजांत "आमेन" आलं.

मला त्या दिवशी वाटलं, बायबल वाचावं तर नागपुरातच. आणि तेही मे महिन्यात. स्टीफन हिस्लॉप १८४५ साली इथं आला. स्कॉटलंडचा मिशनरी माणूस. शाळा काढली, उन्हातान्हात दगड आणि जीवाश्म गोळा केले. त्याच्या नावाचं एक खनिज आहे आणि १८८३ साली निघालेलं कॉलेज तर सगळ्यांना माहीत आहे. विद्वान होता, यात शंका नाही. पण मत्तयाच्या शुभवर्तमानात थंड पाण्याचा नुसता एक पेला देणाऱ्याचंही फळ बुडणार नाही असं जे आहे, ते स्कॉटलंडच्या माणसाला तिकडे राहून कितीसं कळणार? त्यांच्याकडे न मागता थंडच मिळतं. इथं दुपारी बारा वाजता माठातला पेला कुणी पुढे केला, की अध्यायाचा क्रमांक आपोआप आठवतो.

उत्पत्तीच्या अठराव्या अध्यायात अब्राहाम भर उन्हाच्या वेळी तंबूच्या दारात बसलेला आहे. समोर तीन अनोळखी माणसं दिसतात. वय नव्याण्णव, नुकतीच सुंता झालेली, आणि तो उठून धावत जातो. धावत! आमच्या कमिटीत साठीचा माणूस पंख्याखालून उठून दाराची कडी काढत नाही. मग पाय धुवायला पाणी, झाडाखाली सावलीत जागा, आणि आत जाऊन साराला फर्मान, की तीन मापं पीठ मळ. पाळकसाहेबांनी अब्राहामाच्या आतिथ्यावर सुंदर उपदेश केला. तो संपल्यावर महिला संघाच्या एक काकू मला म्हणाल्या, "धावला तो. पोळ्या कोणी लाटल्या त्या उन्हात?" पुढच्या रविवारी माठ भरायचं काम पुरुष संघाकडे गेलं. माझ्या मते त्या उपदेशाचं एवढं रोख फळ दुसरं नाही.

तो माठ खाली जिन्याच्या तोंडाशी ठेवलेला असतो. येणाऱ्या-जाणाऱ्या कुणीही प्यावं. डिलिव्हरीवाली पोरं थांबतात. त्यातलाच एक रोज थांबू लागला. मूळचा अचलपूरकडचा, आईबाप तिकडच्या मंडळीतले, नागपुरात आल्यापासून चर्चमध्ये पाय ठेवलेला नाही. ही माहिती काकूंनी दुसऱ्या पेल्याच्या आत काढली. पण त्याला "वर ये" असं त्या म्हणाल्या नाहीत. एका रविवारी नेमका कूलरचा पंप बंद पडला होता. त्या म्हणाल्या, "भाऊ, तुले पंपातलं काही समजते का?"

हेच मला योहानाच्या चौथ्या अध्यायात फार आवडतं. भर दुपारी विहिरीवर आलेल्या शोमरोनी बाईला येशू आधी काही शिकवत नाही. तिच्याकडे पाणी मागतो. आलेल्या माणसाला आपण मान देतो, खुर्ची देतो, छापील माहितीपत्रक देतो, आणि तो कंटाळतो. त्याला पान्हा द्या. पोरानं पंपाची जाळी काढली, गाळ काढला, तोंडानं फुंकर मारली आणि पाणी ताट्यांवरून खाली येऊ लागलं. सगळ्या मंडळीनं टाळ्या वाजवल्या. आता ज्यानं कूलर जिवंत केला त्याला दाराजवळच्या भिंतीला कसं बसवणार? रेल्वेवाले काका उठले. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, ते स्वतःहून उठले आणि म्हणाले, "बस इथं."

जागा करून देणं ही साधी गोष्ट नाही. नागपूरकरांनी तर ती मुळीच साधी समजू नये. १८९३ साली कवी नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. डब्यात एक गोरा बसलेला. त्या काळात गोऱ्याच्या डब्यात चढायचं म्हणजे अपमानाची तयारी ठेवूनच चढायचं. या माणसानं हसून जागा करून दिली, संस्कृत काव्यावर गप्पा मारल्या, उतरण्याआधी नवा करार हातात दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं भाकीतही केलं. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. त्यांची गीतं आज मराठी उपासनेत घरच्यासारखी झाली आहेत. त्या गोऱ्यानं बाकावर पाय पसरून झोपेचं सोंग घेतलं असतं तर आमच्या गाण्याच्या पुस्तकाची पुष्कळशी पानं कोरी राहिली असती. मग ती कूलरनं उडाली तरी काही बिघडलं नसतं.

मोठ्यांचं असं चाललं असताना मधल्या काळात पोरांची सुट्टीतली बायबल शाळा होऊन गेली. ही शाळा मूळची न्यूयॉर्कची. १८९८ साली हॉज नावाच्या बाईंनी उन्हाळ्यात रस्त्यावर उंडारणाऱ्या मुलांसाठी ती काढली आणि जागा मिळेना म्हणून एक दारूचा अड्डा भाड्यानं घेतला, असं सांगतात. आमच्याकडे हॉलच असतो, पण उंडारणारी मुलं तीच. शेजारपाजारच्या आया मुलांना सोडायला येतात तेव्हा काय शिकवणार हे एकही विचारत नाही. "कितीला सोडता?" एवढंच विचारतात. नऊला म्हटलं की चेहरा पडतो. "अजून थोडं ठेवा ना, ताई. हे घरी आले की फ्रिज उघडून उभेच राहते."

या पोरांनी कूलरचा प्रश्न पहिल्याच दिवशी सोडवला. गाणं संपलं की प्रत्येकानं एक जागा सरकायचं. कूलरसमोरचा शेवटाला जायचा, शेवटचा पुढे यायचा. ठराव नाही, उपसमिती नाही, भांडण एकच झालं आणि तेही कंपासपेटीवरून. महिला संघानं ते पाहिलं आणि पुढच्या रविवारी मोठ्यांनाही लागू केलं. दर गाण्याला एक खुर्ची पुढे.

परिणाम असा झाला, की ज्या मंडळीत आजवर गाण्याची दोन कडवी झाली की लोक घड्याळ पाहत, तिथं आता कूलरसमोर बसलेला माणूस सगळी कडवी म्हणायचा आग्रह धरू लागला. "सहावं राहिलं, पाळकसाहेब, सहावं फार अर्थपूर्ण आहे." आणि भिंतीजवळ बसलेले टाळ्यांचा ठेका वाढवत नेऊ लागले. तबल्यावरच्या पोराला दोन्हीकडून खुणा. भक्तीत एवढा जोर मी आमच्याकडे नाताळातही पाहिलेला नाही. बाहेरच्या बाहेर बातमी पसरली, की प्रताप नगरच्या मंडळीत यंदा फार आत्मिक जागृती आहे, आणि दुसऱ्या चर्चमधली दोन कुटुंबं मुद्दाम बघायला आली.

अचलपूरवाला मात्र सरकेना. पंप त्याच्याच हातचा, मध्येच बंद पडला तर लांबून कोण धावणार, असं त्याचं म्हणणं. जूनच्या पहिल्या रविवारी आणखी एक नवं जोडपं आलं, घामानं निथळत. काकू त्याला म्हणाल्या, "भाऊ, पाहुणे आले, त्याईले बसू दे थोडं."

तो जागचा हलला नाही. म्हणाला, "काऊन? महिना झाला मी इथंच बसून राहिलो. ही माझी जागा हाय."

हॉलमध्ये क्षणभर फक्त कूलर ऐकू आला. मग रेल्वेवाले काका टुणकन उठले आणि कपाटातलं रजिस्टर काढून पाळकसाहेबांपुढे उघडून धरलं. "लिहा साहेब, नाव लिहा याचं. आता झाला हा पक्का सभासद."

पाळकसाहेबांनी पेन काढलं, सगळे भोवती जमले, कुणी त्याच्या पाठीवर थापा मारल्या. नवं जोडपं तोवर दाराजवळच्या भिंतीला टेकून बसलं होतं. तिथं छान हवा येते, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं.